पेशीच्या दिवशी

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या कथावाचनात एक कथा वाचली गेली. तिच्यातल्या नायकाची दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख असते. रात्रभर तो गॅलरीत बसून पितो, बाहेर पाऊस पडत असतो, आणि सकाळी एकदम ‘मोकळा’ होऊन तो कोर्टाच्या पायऱ्या चढतो. वाचन संपलं, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण वाक्यं खरंच छान होती. होस्टेलवर आल्यावर मात्र राहून राहून वाटायला लागलं, की या लेखकाने कोर्टाच्या पायऱ्या कधी पाहिल्या नसाव्यात. आणि पिऊन उठलेल्या माणसाची सकाळ तर नक्कीच पाहिली नसावी. (लेखक माझा मित्र आहे. मी असं काही लिहिणार आहे हे त्याला आधीच सांगितलंय. ‘लिही, पण माझं नाव नको,’ एवढीच त्याची अट.)

मी दोन्ही पाहिलंय. माझ्या मामासोबत.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यात. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही. १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते. नंतर राज्यांच्या रेघा बदलल्या, पण आमची सोयरीक आणि बोली काही बदलली नाही. गावाला धान आणि मोह दोन्ही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जातात, आणि त्याच फुलांची पुढे काय होते हेही सगळ्यांना माहीत असतं.

२०२२ च्या होळीला दोन दिवस होते. मामा मोटरसायकलवरून घरी येत होता, पोटात मोहाची होती. कामावरून सायकलने परतणाऱ्या एका माणसाला त्याने मागून उडवलं. त्या माणसाचं मांडीचं हाड मोडलं. तो पाय आजही पूर्ण वाकत नाही. मामाला साधं खरचटलंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलं. त्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे, आणि मामा त्याच्या खूप पुढे होता. शिवाय भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३३८, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून दुसऱ्याला गंभीर दुखापत करणं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण गुन्हा आधीचा, म्हणून मामाला जुनीच कलमं चालू आहेत.

मामाने दारू सोडली ती अपघातानंतर लगेच नाही, सात महिन्यांनी. आधी कोणाला ही गोष्ट सांगताना मी ते सात महिने गाळून टाकायची. आता गाळत नाही.

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात. वकिलांच्या भाषेत ती नुसती तारीख असेल. आमच्या घरात पेशी येते तशी साथ येते. चार दिवस आधीपासून मामी हळू बोलते. मामा शेतात जास्त वेळ थांबतो. आदल्या रात्री त्याच्या खाटेचा आवाज येत राहतो.

पेशीचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण कथेत तो आलाच नाही. सकाळी साताची बस. मामाच्या पोटात नुसता चहा, कारण ‘खाऊन जीव घाबरते’. साडेदहाला कोर्टाच्या आवारात. तिथे टाइपिस्ट, नोटरी, स्टॅम्पवाले, कडुलिंबाखाली वकिलांची टेबलं. मग व्हरांडा. व्हरांड्यात बाक कमी, माणसं जास्त. पुकार कधी होईल हे कोणीच सांगत नाही, म्हणून जागा सोडून जेवायला जाता येत नाही. नाव पुकारलं आणि आपण नसलो तर? लघवीला जातानाही माणूस दुसऱ्याला सांगून जातो, ‘मेरा नाम आए तो बोलना.’ दोन वाजतात. अडीचला साहेब पुन्हा बसतात. साडेतीनला पुकार होते, मामा आत जातो, हात जोडून उभा राहतो, आणि दोन मिनिटांत बाहेर येतो. गवाह आला नाही. अगली तारीख.

मामा ज्या ग्रुपला जातो तिथे एक शब्द शिकवतात, ‘हॉल्ट’. इंग्रजीतल्या चार शब्दांची आद्याक्षरं आहेत ती: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाने या चारांपासून सांभाळून राहावं, कारण यांतल्या एकानेही पाय घसरू शकतो. मला तो शब्द ऐकला तेव्हा हसूच आलं. पेशीच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता व्हरांड्यातल्या कुठल्याही बाकावर हे चारही एकाच माणसात बसलेले सापडतील. मुद्दाम एखाद्याला पुन्हा प्यायला लावायचं ठरवलं तर याहून बरी व्यवस्था करता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कोर्ट आणि दारू यांची गोष्ट आपण चुकीच्या टोकाकडून सांगतो. आपल्याला वाटतं, धोका आदल्या रात्री आहे. धीर यावा म्हणून माणूस घेतो. तसंही होतं. पण मामाचा पाय घसरला तो आदल्या रात्री नाही. परत येताना. आणि ज्या दिवशी काही वाईट झालं त्या दिवशीही नाही. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी.

जुलै २०२४. नवे कायदे लागू होऊन काही दिवसच झाले होते. व्हरांड्यात सगळीकडे तीच चर्चा, कोणतं कलम आता कितवं झालं. मामाला दारू सोडून पावणेदोन वर्षं होत आली होती. त्या दिवशी डॉक्टरची साक्ष होणार होती, म्हणजे निदान एक पायरी पुढे. डॉक्टर आले नाहीत. मामा एकटाच गेला होता. मी इकडे होते, मामी रोवणीत. संध्याकाळच्या बसने तो आला नाही. रात्री साडेदहाला शेजारच्या गावच्या कोणीतरी आणून सोडला.

मी शनिवारी घरी गेले तेव्हा तो ओसरीवर बसला होता. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, “काही झालं असतं त मी पेलो नसतो बाई. सजा झाली असती तरी पेलो नसतो. काहीच झालं नाही ना, म्हणून.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. वाईट बातमीला तोंड द्यायची तयारी त्याने केली होती. ग्रुपमध्येही केली होती. तयारी नव्हती ती रिकाम्या हाताने परत येण्याची. दिवसभर ताणून धरलेली दोरी कोणी कापली नाही, ओढलीही नाही, नुसती सोडून दिली.

नंतर घरी ‘एकच प्याला’ पुन्हा वाचायला घेतलं. बारावीत असताना मला ते फार रडकं वाटलं होतं. आपल्याच भागातल्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले, आणि महिनाभरातच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. आता दुसरंच दिसलं. सुधाकर वकील आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते, आणि हा मानी माणूस तो अपमान घेऊन घरी येतो. तळीराम त्याच्या हातात प्याला देतो तो कोर्टात जाण्याआधी नाही, कोर्टातून आल्यावर. दारू किती वाईट याचं नाटक म्हणून आपण ते शिकतो. पण त्या संध्याकाळी सुधाकरापाशी तळीरामाऐवजी दुसरं कोणी बसलं असतं तर, हा प्रश्न आम्हाला कोणी परीक्षेत विचारला नाही. सिंधू घरात होती. पण आपला अपमान बायकोला सांगायचा नाही, हा तर सुधाकराचा मूळ आजार.

मामाचा आजारही थोडाफार तोच. पुढच्या पेशीला तो गेलाच नाही. पुन्हा प्यालो, आता कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून. वारंट निघालं. ते रद्द करून घ्यायला दंड, वकिलाची वेगळी फी आणि मामीची एक अंगठी गेली. नंतर वकिलाने सांगितलं, की एक साधा अर्ज देता आला असता. त्याला आमच्याकडे ‘हाजिरी माफी’ म्हणतात. योग्य कारण दिलं तर त्या दिवसापुरती गैरहजेरी कोर्ट माफ करू शकतं. मामाला हे दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. (जाता जाता एक गंमत. नव्या न्याय संहितेत कलम ३५५ म्हणजे दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन: चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५५ म्हणजे आरोपीच्या गैरहजेरीत कामकाज चालवण्याची तरतूद, ही हाजिरी माफीच. एकाच आकड्यात पिऊन येण्याची शिक्षा आणि न येण्याची परवानगी. पेशीला जाणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा पाठ करावा.)

आता एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. हा लेख मी मैत्रिणीला वाचून दाखवला तेव्हा तिने तो लगेच घेतला. ती म्हणाली, “तुझ्या मामाने एका माणसाचा पाय मोडला, आणि तू आम्हाला मामाच्या ताणाबद्दल सांगतेस?”

बरोबर आहे तिचं. म्हणून त्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगते.

ते काकाही प्रत्येक पेशीला येतात. त्यांना दरवेळी यायची गरज नसते, वकील तसं सांगतात, पण ते येतात. काठी टेकत येतात, त्याच व्हरांड्यात, बहुतेक वेळा समोरच्याच बाकावर बसतात. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. भरपाईचा दावा वेगळीकडे चालू आहे, तिथेही तारखाच. मी मामासोबत जायला लागले तेव्हा दुसऱ्या की तिसऱ्या पेशीला हिंमत करून त्यांना विचारलं, “काका, चहा घेता का?” ते म्हणाले, “घेतला.” घेतला नव्हता. सकाळपासून मी बघत होते. मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुह्या मामानं सोडली म्हणतेत. चांगलं केलं. पण त्याच्यानं माहा पाय त वापस येत नाही ना.”

मी याला काय उत्तर देणार होते? अजूनही माझ्यापाशी उत्तर नाही. दारू सोडणं हा बचाव नाही आणि नसावाच. मामा प्यायचा थांबला म्हणून त्या काकांचं देणं एक पैशाने कमी होत नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: मामा पुन्हा प्यायला लागला तर त्या काकांना काय मिळणार? रस्त्यावर अजून एक पिऊन गाडी चालवणारा. पेशीला न येणारा आरोपी, वारंट, अजून तारखा, अजून बुडालेल्या मजुऱ्या. मामा शुद्धीवर राहून त्या व्हरांड्यात उभा राहणं ही त्या काकांचीही गरज आहे. माझ्या मैत्रिणीला हे पटलं की नाही माहीत नाही, पण ती गप्प बसली, आणि ती सहसा बसत नाही.

खरा पेच मला कळला तो ओसरीवर मामा पुढे जे बोलला त्यातून. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी सुरू केली. एक शेअर बाजारातला, एक डॉक्टर. तिच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी अशी आहे, की आपण ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची; मात्र तसं करण्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार नसेल तरच. मामाच्या यादीत पहिलं नाव त्या काकांचं आहे. आणि कोर्टात मामाने काय सांगितलंय? आरोप वाचून दाखवले तेव्हा वकिलाच्या सांगण्यावरून, “गुनाह कबूल नहीं.” वकिलाने बजावलंय की त्या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही, बोललास तर साक्षीदारावर दबाव आणला असं होईल.

“तो समोर बसून राहते,” मामा म्हणाला, “अन् मी त्याले माफ कर बी म्हणू शकत नाही. ग्रुपवाले म्हणतेत खरं बोल. वकील साहेब म्हणतेत तोंड उघडू नोको. मी दिवसभर तोंड बंद करून बसतो ना, मग संध्याकाळी ते उघडते.”

वकिलाला मी दोष देत नाही. त्याचं काम त्याने केलं. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे, आणि तो फार मोलाचा आहे. पण ज्या माणसाला खरं बोलण्याच्या बळावरच दारूपासून दूर राहायचंय, त्याला तीन-तीन वर्षं खोटं नाही तर निदान अर्धवट उभं करून ठेवणारी ही रचना आहे, आणि याबद्दल ना कायद्याच्या पुस्तकात काही आहे ना व्यसनमुक्तीच्या पत्रकात. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या कॉलेजमधून विधीला गेलेल्या एका सिनियर ताईला गाठलं. तिने एक गोष्ट सांगितली, जी मी तरी कधी ऐकली नव्हती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००६ पासून ‘प्ली बार्गेनिंग’चं एक प्रकरण आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे त्यात बसतात. बायका आणि चौदा वर्षांखालच्या मुलांविरुद्धचे, तसंच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे वगळून. मामाचं ३३८ जास्तीत जास्त दोन वर्षांचं. आरोपीने स्वतः अर्ज करायचा असतो. न्यायाधीश त्याला एकट्याला बोलावून विचारतात, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस, असे सगळे बसतात आणि भरपाईसकट तोडगा निघतो का ते पाहतात. नाही निघाला तर खटला होता तिथून पुढे चालतो, आणि अर्जात जे सांगितलं ते आरोपीविरुद्ध दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. नव्या संहितेतही ही सोय आहे, पण तिथे आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणजे नव्या कायद्याखालच्या लोकांनी हे लवकर माहीत करून घ्यायला हवं.

मामाला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न शिक्षेचा विचारला नाही. विचारलं, “म्हणजे मी त्याच्यासमोर बसून बोलू शकतो?”

आता त्यातली दुसरी बाजू. गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं. नोकरीवर असलेल्या माणसासाठी हा फार मोठा निर्णय असतो. आणि काका तयार होतील असंही नाही. तो त्यांचा हक्क आहे. मी कोणालाही ‘कबूल करून टाका’ असा सल्ला देत नाहीये. मी म्हणतेय, विचारा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरवर विचारा. वकिलाला घरच्यासारखं सांगा, की साहेब, मी दारू सोडलेला माणूस आहे, मला माझी पेशी नुसती तारीख म्हणून झेपत नाही. डॉक्टरला आपण पथ्य सांगतो, मग वकिलाला का नाही?

अजून एक गोष्ट, ती न सांगता हा लेख संपवणं धोक्याचं होईल. ज्याची रोजची भरपूर पिण्याची सवय आहे त्याने ‘उद्या पेशी, आज बंद’ असं करू नये. अचानक थांबवल्यावर हात थरथरणं, घाम, झोप न येणं हे तर होतंच. काहींना झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आमच्या गावात एकाला असं झालं तेव्हा लोकांनी बाहेरचं लागलं म्हणून मांत्रिक आणला होता. सोडायची तर डॉक्टरच्या नजरेखाली, आणि पेशीच्या कितीतरी आधी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत. आणि ‘धीर यावा म्हणून थोडी’ हेही शास्त्राला धरून नाही. दारूने छाती थोडा वेळ शांत होते, पण ती उतरताना धडधड पहिल्यापेक्षा वाढलेली असते. नेमकी सकाळी साताच्या बसमध्ये. माझ्या कथाकार मित्राने हे लिहून ठेवावं. त्याचा नायक पायऱ्या चढला असेल तो मोकळा होऊन नाही, कठड्याला धरून.

सरकार काहीच करत नाही असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातले सगळे अहाते बंद झाले, म्हणजे दुकानाला लागून बसून पिण्याची सोय गेली. १ एप्रिल २०२५ पासून धार्मिक महत्त्वाच्या गावांमधली दुकानंच बंद झाली. आमच्या शेजारचं मंडला त्यात आहे. याचा फायदा झाला असेल, होवो. पण मामाला त्या जुलैच्या संध्याकाळी अहाता लागला नव्हता, दुकानही लागलं नव्हतं. त्याला लागला तो बसस्टँडवर भेटलेला एक जुना दोस्त, ज्याने विचारलं, “काय झालं रे कोर्टात?” कोर्टातल्या त्या दिवसाची चौकशी त्या एकट्यानेच केली होती. आमच्या घरातून फोनही गेला नव्हता. हे मी आमच्याच घराविरुद्ध लिहितेय.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं तेव्हापासून मराठी घरांना एक गोष्ट हळूहळू कळत आलीय, की उपचार हा पेशंट एकट्याचा नसतो, घरचेही त्यात असतात. पेशीबद्दलही तेच म्हणायचंय मला. मामाने सोबतीला माणूस मागितला नाही, मागणारही नाही. पण त्या जुलैनंतर तो एकही पेशी एकटा गेलेला नाही. कधी मामी, कधी ग्रुपमधले एक रिटायर्ड मास्तर, कधी मी. आम्ही काही विशेष करत नाही. सकाळी त्याला बळेच पेज पाजतो. डबा नेतो, आणि पुकार झाली तर मी ऐकीन, तू जेव म्हणून त्याला झाडाखाली पाठवतो. बाहेर आल्यावर ‘काय झालं’ विचारतो, आणि ‘काही नाही’ म्हटलं तर काहीच नाही कसं झालं तेही विचारतो. मास्तर तर फार खोदून विचारतात. साहेबांनी चष्मा लावला होता का, इथपर्यंत. परतताना बसस्टँडवरून नाही, मास्तरांच्या गाडीवरून, भट्टीच्या रस्त्याने न येता लांबून. संध्याकाळी ग्रुपची मीटिंग असेल तर थेट तिकडे. या लांबच्या रस्त्याला मामी ‘पेशीचा रस्ता’ म्हणते.

आपल्या कॉलेजात समाजसेवेचे तास भरायला आपण झाडं लावतो, भिंती रंगवतो, मीही रंगवल्या आहेत. जिल्हा कोर्ट आपल्या गेटपासून फार लांब नसतं, कुठल्याही गावात. व्हरांड्यात बसलेल्या कोणासाठी पुकार ऐकायला, तेवढा वेळ जागा धरायला पदवी लागत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. हसलात तरी काढणार आहे.

अर्ज जानेवारीत दिला. मामाने सही करताना हात थरथरला, पण तो वयाने. काकांना नोटीस गेली आहे. ते येतील की नाही, बसतील की नाही, काही सांगता येत नाही. मागच्या पेशीला ते समोरच्या बाकावर होते, त्यांनी मामाकडे एकदा पाहिलं आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. साहेब रजेवर होते. पुढची तारीख मंगळवारची मिळाली आहे. त्या दिवशी माझा भाषाशास्त्राचा तास बुडेल. मी मॅडमना तसं सांगून ठेवलंय, आणि मामीला डब्यात एक भाकर जास्तीची ठेवायला.